भाकरीची कड

जाईबाईला भाकरीची कड आवडायची. मधला मऊ भाग नाही, तव्यावर जरा जास्त भाजलेली, दाताखाली कुर्रकन मोडणारी कड. लग्न होऊन शहाडच्या चाळीत आली त्या आठवड्यातच दगडूनं ते हेरलं, आणि तेव्हापासून रोज स्वतःच्या भाकरीची कड मोडून तो तिच्या ताटात टाकायचा. बाईसुद्धा कोण काय म्हणेल याची पर्वा न करता खुशाल कुरुमकुरुम खायची. चौतीस वर्षं हे चाललं. आणि गेल्या पावसाळ्यापासून बंद झालं.

बंद म्हणजे अगदी बंद. नवऱ्याला आधी वाढायचं, तो हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेला की आपण आतल्या खोलीत पडद्याआड बसायचं आणि भाकरी आमटीत भिजवून गुपचूप गिळायची. का, तर आपल्या चावण्याचा आवाज त्याच्या कानावर जाऊ नये. दगडूचे दात दुखत होते, त्याला भाकरी चावत नव्हती, आणि तो ते कुणाला सांगत नव्हता. न सांगता कळलेलं दुखणं न सांगताच सांभाळायचं, असा जाईबाईचा हिशेब. आता याला शहाणपण म्हणायचं की वेडेपणा, ते पुढे कळेलच.

दगडू म्हणजे वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत एकतीस वर्षं प्रेस मशीनवर काढलेला माणूस, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेला. पण चाळीत त्याला कंपनीवाला म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तो क्लॅरिनेटवाला. लग्नसराई आली की रजा टाकून कल्याणातल्या बँडमध्ये वाजवायचा. लाल कोट, सोनेरी झालर, आणि घोड्याच्या पुढे चालत असा काही सूर लावायचा की नवरदेवाकडे बघायचं सोडून बायका याच्याकडे बघायच्या. हे जाईबाई स्वतः सांगायची, तेही तोंड वाकडं करून.

या क्लॅरिनेटपायी त्याची एकुलती एक पोरगी प्रियांका लहानपणी फार रुसायची. मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांचे बाप घरी, आणि हिचा बाप कुणाच्या तरी वरातीत. सात वर्षांची असताना तिनं कंबरेवर हात ठेवून सांगितलेलं, "पप्पा, जगाच्या लग्नात वाजवता ना? मग माझ्या लग्नात पण तुम्हीच वाजवायचं. दुसरा कोण आला तर मी हॉलमध्ये येणारच नाही." दगडूनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. आता ती सत्तावीस वर्षांची झाली होती, ठाण्यात एका ऑफिसात नोकरी करत होती, आणि बदलापूरच्या राजरत्नशी तिचं लग्न मेच्या पहिल्या रविवारी ठरलं होतं. पोरगी शब्द विसरली नव्हती. हॉल बुक करताना तिनं मॅनेजरला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की आत क्लॅरिनेट वाजवलेलं चालतं ना.

दगडूला साखरेचा आजार होऊन सहा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी जाईबाईनं साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला आणि गुळाची ढेप आणली. गूळ चालतो, असं चाळीतल्या चार बायकांनी सांगितलेलं, आणि चारच्या चार कशाला खोटं बोलतील? पुढे नवरा भाकरी ताटात फिरवायला लागला, तेव्हा तर तिनं कंबरच कसली. चावत नाही ना, मग चावावं लागणारच नाही असं करू. सकाळी चहात बुडवून बटर. अकरा वाजता केळ्याचं शिकरण. दुपारी गुरगुट्या भात, त्यात दूध आणि गूळ. चार वाजता कणकेचा मऊसूत शिरा. त्याचं तोंड सारखं कोरडं पडायचं, फुंकायला बसला की जीभ टाळूला चिकटायची, म्हणून क्लॅरिनेटच्या पेटीत लिमलेटच्या गोळ्यांची पुडी. बाईनं माया करायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

आणि दगडू दिवसेंदिवस गप्प होत गेला. बोलताना मान वळवायला लागला. हसला तर ओठ मिटून. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. जाईबाईला वाटलं, रिटायर झालेला माणूस, घरात बसून आपला कंटाळा आला असेल. तिनं शिऱ्यात तूप वाढवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी तिनं नेहमीसारखं क्लॅरिनेट पुसायला घेतलं. ते काम तिचंच होतं. तोंडात धरायच्या काळ्या टोकाला वरच्या बाजूनं रक्त लागलेलं दिसलं. ओलं होतं.

"हे काय हो?"

"पत्ती लागली ओठाला," दगडू खिडकीकडे बघत म्हणाला.

सूर काढणारी वेताची पत्ती खालच्या बाजूला असते हे चौतीस वर्षं क्लॅरिनेट पुसणाऱ्या बाईला सांगायला नको. वरच्या बाजूला टेकतात ते पुढचे दोन दात. प्रियांका कामावरून आली तशी तिला जिन्यातच गाठून सगळं सांगितलं, अगदी भाकरीपासून. प्रियांकानं पायरीवर उभ्याउभ्याच फोन काढला. तिच्याबरोबर शाळेत असलेली क्षिप्रा आता दातांची डॉक्टर होती, कोपरला तिचा दवाखाना होता. शनिवारची वेळ मिळाली.

दगडू यायला तयार नव्हता. "दात काय, हलतात आणि पडतात. माझ्या बापाचे पन्नाशीत गेलेले," असं म्हणून त्यानं पाहिलं. प्रियांका म्हणाली, "तुमच्या बापाला माझ्या लग्नात वाजवायचं नव्हतं." मग त्यानं चपला घातल्या.

क्षिप्रानं त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला आणि तोंड उघडायला सांगितलं. दगडूनं उघडलं ते अर्धंच, आणि लाजून डोळे मिटून घेतले. तिनं नाक मुरडलं नाही की घाई केली नाही. बारीक सळईनं एकेका दाताभोवतीची हिरडी मोजत गेली, आकडे सांगत गेली, आणि जिथं सळई लागेल तिथून रक्त येत गेलं. जाईबाई भिंतीला टेकून उभी होती, तिनं पदराचं टोक मुठीत आवळून धरलेलं.

"काका, शुगर आहे का तुम्हाला?"

"आहे, पण कंट्रोलमध्ये. मागच्या महिन्याचा रिपोर्ट एकदम ओके आहे."

"रिपोर्टच्या आधी तीन दिवस कारल्याचा रस देते ना मी," जाईबाई पुढे होऊन म्हणाली. "तीन दिवस भात नाही, गूळ नाही, काही नाही. म्हणून बरोब्बर येतो रिपोर्ट."

कंपनीतली सवय होती ती दगडूची. मोठे साहेब राउंडला येणार असले की आदल्या दिवशी शॉप झाडूनपुसून लख्ख करायचं, मशीनला तेल द्यायचं, आणि साहेब गेले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एकतीस वर्षं ते खपून गेलं, मग रक्ताच्या तपासणीत का नाही खपणार? क्षिप्रानं त्याच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब मशीनवर घेतला. आकडा आला तीनशे शहाऐंशी.

"काकू," ती हळूच म्हणाली, "काका दिवसभरात काय काय खातात, सांगाल?"

हा प्रश्न आपल्याला कुणीतरी विचारावा म्हणून जाईबाई जणू वर्षभर थांबली होती. तिनं सगळं सांगितलं. बटर, शिकरण, दूधगुळाचा भात, शिरा, कधी शेवयांची खीर, लिमलेटच्या गोळ्या. यांना चावायला लागू नये म्हणून किती बघते, तेही सांगितलं. क्षिप्रा लिहून घेत होती. शिऱ्यापर्यंत आली आणि तिचं पेन थांबलं. जाईबाईच्या लक्षात आलं ते. सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला, आणि लिमलेटपाशी आली तेव्हा ती जवळजवळ पुटपुटत होती.

क्षिप्रा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं जाईबाईला नंतर कितीदा वाटलं. तिनं स्टूल जवळ ओढून साध्या शब्दांत सांगितलं. रक्तात साखर वाढलेली राहिली की हिरड्यांची ताकद जाते, जंतूंना रान मोकळं मिळतं. थुंकी कमी होते म्हणून तोंड कोरडं पडतं. हिरड्या सुजतात, रक्त येतं, वास येतो, आतलं हाड झिजतं आणि चांगला न किडलेला दातसुद्धा हलायला लागतो. "आणि हे उलटंही असतं, काकू. हिरड्यांत पू राहिला की त्यानं साखर आणखी चढते. साखर हिरड्यांना बिघडवते, हिरड्या साखरेला. मग चावत नाही म्हणून आपण मऊ, गोड खातो, आणि दोन्ही अजून बिघडतं."

"लग्नात वाजवता येईल ना पप्पांना?" प्रियांकानं विचारलं.

"पुढच्या दोनांपैकी डावा फार हलतोय. उजवा कदाचित वाचेल. पण आज मी काहीच काढू शकत नाही, एवढ्या साखरेत जखम नीट भरणार नाही. आधी साखर खाली आणायची, त्यासाठी उद्याच तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना कारल्याच्या रसाचं खरं सांगा. मी चार वेळा बोलावून हिरड्यांची आतून सफाई करते. दहा आठवडे आहेत आपल्याकडे. वाजवतील की नाही, ते आज नाही सांगता येणार."

तिघं लोकलनं परत निघाली. प्रियांका लग्नपत्रिकेचं बघायला परस्पर कल्याणला उतरली. घरात आल्यावर जाईबाईनं गुळाचा डबा काढून ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. चहाची वेळ झाली, तिनं गॅस पेटवला नाही.

"चहा टाक की," दगडू म्हणाला.

"माझ्या हातनं आता काही घेऊ नका."

"अगं, असं काय करतेस?"

"मीच घातलं ना तुमच्या तोंडात? रोज, वाट्या भरभरून. परक्यानं केलं असतं तर त्याच्या दारात जाऊन भांडले असते मी." आणि बाई रडायला लागली. लग्न होऊन सासरी येतानासुद्धा जी रडली नव्हती, ती गुळाच्या डब्यापुढे रडली.

दगडू उठून तिच्याजवळ आला आणि जरा अंतर ठेवून उभा राहिला. "जाई, ऐक. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"गूळ काय नि साखर काय, एकच ते. कंपनीच्या डॉक्टरनं तेव्हाच सांगितलेलं."

रडणं जागच्या जागी थांबलं. जाईबाईनं पदरानं नाक पुसलं आणि नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं एक पाऊल मागे घेतलं. "माहीत होतं? आणि वर्षभर शिरा ओरपत बसलात? तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तू वाटी घेऊन समोर उभी राहायचीस. नको म्हटलं असतं, तर तू विचारणार, मग भाकरी वाढू का. आणि भाकरी चावत नाही, हे मला सांगवत नव्हतं. लाज वाटायची. आज दात गेले म्हणणार, उद्या क्लॅरिनेट गेलं म्हणणार. मग राहिलं काय माझ्यात?"

"आणि भिंतीकडे तोंड करून झोपत होतात ते?"

"तोंडाला वास येतो गं माझ्या."

जाईबाई खाली बसली. आठ महिने तिला वाटत होतं, या माणसाला आपला कंटाळा आलाय. "वास मला पहिल्या दिवसापासून येतोय," ती म्हणाली. "मी काही म्हटलं का? लेकराच्या ओकारीत हात घातलेत मी, तुमच्या वासाचं काय घेऊन बसलात." मग तिनं त्याला चांगला अर्धा तास फैलावर घेतलं. आजवर न बोललेलं सगळं काढलं, कारल्यापासून भिंतीपर्यंत, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी दोघांनी बिनसाखरेचा, बिनगुळाचा चहा प्यायला. वाईट लागत होता, पण दोघंही तसं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात वेगळाच आवाज सुरू झाला. जाईबाईनं माळ्यावरून सासूचा लोखंडी खलबत्ता उतरवला. माळ्यावर सोळा वर्षं पडून होता तो, घासून घासून तिनं काळ्याचा करडा केला. क्षिप्रानं सांगितलेलं, नेहमीचंच जेवू द्या, फक्त बारीक करून द्या. मग काय, ज्वारीची भाकरी खलबत्त्यात. मेथीची भाजी घातली की पुन्हा दोन ठोके. उकडलेलं अंडं, कांदा, भाजलेला सुका बोंबील काटा काढून. वर घट्ट मुगाचं वरण. दुपारी बारा वाजता ठणठण सुरू झाली की चाळीला कळायचं, दगडूभाऊंचं जेवण झालंय तयार. एक शेजारीण म्हणाली, मिक्सर नाही का हो तुमच्याकडे? जाईबाई म्हणाली, आहे की, पण मिक्सरनं माझा राग निघत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, आठवड्याला साखर तपासायला लावली, आणि कारल्याची सोंगं संपली. सकाळी दोघं उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत जायची. दगडूला बोटानं काळं दंतमंजन खसाखसा घासायची सवय, ती सोडवायला फार त्रास झाला. क्षिप्रानं मऊ ब्रश दिला होता, तो हिरडीवर कसा हळू फिरवायचा ते दाखवलेलं. जाईबाई सकाळ-संध्याकाळ मोरीच्या दारात उभी राहून राखण करायची. "भांडी घासताय का? हळू," असं दिवसातून दोनदा. पेटीतली लिमलेटची पुडी गेली आणि तिथं पाण्याची छोटी बाटली आली. सफाईच्या दिवशी तोंड सुन्न करून आणलेला दगडू रिक्षात बायकोच्या खांद्याला टेकून बसायचा, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बिनधास्त बघायची.

महिन्याभरात हिरड्यांचं रक्त थांबलं. पुढच्या तपासणीत साखर दोनशेच्या खाली आली. एका रात्री दगडू भिंतीकडून या कुशीवर वळला आणि तसाच झोपला. जाईबाईला बराच वेळ झोप आली नाही. ती अंधारात पडून त्याचा श्वास ऐकत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

पण डावा दात काही ऐकेना. सातव्या आठवड्यात क्षिप्रानं तो धरून हलवून पाहिला आणि मान हलवली. आता साखर बरी होती, जखम भरली असती, म्हणून तिनं तो काढला. उजवा मात्र वाचला, अजून जरा हलत होता तरी. "खोटा दात बसवू आपण, फोटोत कुणाला कळणार पण नाही," ती म्हणाली. "पण काका, उजव्यावर क्लॅरिनेटचं वजन देऊ नका एवढ्यात. दिलंत तर तोही जाईल."

दगडूनं घरी आल्यावर पेटी उचलली आणि कपाटावर ठेवली. प्रियांकाला म्हणाला, "बँडमधल्या एखाद्या चांगल्या पोराला सांगतो. तयारीचा आहे." ती "बरं पप्पा" म्हणाली आणि नळ सोडून उगीचच भांडी विसळायला लागली. खलबत्ता त्या दिवशी कुणी उचलला नाही. जेवताना तिघं एकमेकांच्या ताटांकडे बघत होती.

जाईबाई काही तशी बसून राहणारी बाई नाही. दोन दिवस तिनं डोकं चालवलं, आणि तिसऱ्या दिवशी रिक्षा करून आंबिवलीला गेली. तिथं गणू मास्तर राहायचे, ऐंशीला टेकलेले. दगडूला पहिला सूर यांनीच शिकवलेला. मास्तरांचे दात कधीच गेले होते, कवळी त्यांना मानवली नव्हती, आणि तरी परवापरवापर्यंत ते वाजवत होते, हे बाईच्या पक्कं लक्षात होतं. लक्षात असायला कारणही होतं. तरणाताठा दगडू बँडच्या पोरांना ओठ आत मुडपून मास्तरांची नक्कल करून दाखवायचा आणि सगळे पोट धरून हसायचे. मास्तरांनी पाहिलं होतं ते. तेव्हा एवढंच म्हणाले होते, दात कुणाला पुरलेत?

"रविवारी जेवायला यायचंय," जाईबाई म्हणाली. "आणि आमच्या माणसानं जे पाप केलंय, त्याबद्दल मी माफी मागते."

मास्तर आले. दगडू त्यांना दारात बघून उभाच्या उभा राहिला, मग वाकून पाया पडला. जाईबाईनं दोघांपुढे सारखीच ताटं ठेवली. कुटलेली भाकरी, मेथी, बोंबील, वरण. मास्तर घास घेता घेता थांबले आणि ताटाकडे बघत म्हणाले, "बायको गेल्यावर आज बारा वर्षांनी भाकरी खाल्ली, पोरी. सुनेला सांगायला जीभ रेटत नव्हती." आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतलं.

हात धुऊन त्यांनी कपाटाकडे बोट केलं. दगडूनं पेटी काढून दिली. मास्तरांनी क्लॅरिनेट जोडलं, खालचा ओठ आत मुडपला, वरचाही आत मुडपला, आणि दातांना जिथं टेकायचं ते टोक नुसत्या ओठांच्या गादीवर धरलं. सूर आला. म्हातारा सूर, जरा थरथरता, पण गोल. दगडूच्या डोळ्यांना पाणी आलं.

"नक्कल तर तुला येतेच," मास्तर क्लॅरिनेट पुढे करत म्हणाले. "आता खरंखुरं कर."

लग्नाला दोनच आठवडे उरले होते. दोन्ही ओठ मुडपून वाजवायचं म्हणजे दोन मिनिटांत ओठ सुजायचे, सूर घसरायचा, हवा बाजूनं निघून जायची. दगडू रोज सकाळी बसायचा, थकला की थांबायचा, ओठांना तूप लावायचा. जाईबाई आत भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि तो कुठं अडखळतो ते तिला पाठ झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच्याकडे मोजून अडीच मिनिटं होती. त्याहून एक सूर जास्त नाही.

मेचा पहिला रविवार. कल्याणच्या हॉलमध्ये पांढऱ्या साडीतली प्रियांका दारात उभी राहिली. आत मंचावर राजरत्न, फुलं, मेणबत्त्या, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा. दगडूनं लाल कोट घातला नव्हता, पांढरा शर्ट होता. खोटा दात काढून त्यानं खिशात टाकला, बाटलीतून दोन घोट पाणी घेतलं, दोन्ही ओठ मुडपले आणि पोरीच्या पुढे चालायला लागला.

प्रियांका लहानपणी रुसून झोपली की वराती आटोपून आलेला बाप तिच्या उशाशी बसून जी धून अगदी हळू वाजवायचा, ती त्यानं धरली. हॉलमधली कुजबुज थांबली. दारापासून मंचापर्यंत पन्नास पावलं असतील. तिसाव्या पावलाला सूर फुटला, जाईबाईला पाठ असलेल्या नेहमीच्याच जागी. दगडू थांबला, ओठ सावरले, आणि तिथूनच पुन्हा उचललं. प्रियांकाही थांबली होती, तीही चालायला लागली. मंचाजवळ धून संपली तेव्हा ती भर हॉलमध्ये बापाच्या गळ्यात पडली, आणि भंतेजी शांतपणे वाट बघत उभे राहिले.

विधी झाल्यावर राजरत्नचे काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. "काय वाजवलंत, व्याही. जय भीम. आधी तोंड गोड करा." पेढा दगडूच्या ओठांपर्यंत गेला होता. जाईबाईनं मधेच हात घातला. "त्यांचा मला द्या," असं म्हणून तिनं तो खाल्ला, आणि दुसरा मागून घेतला. फोटोवाला म्हणाला, काका स्माईल. काका तोंड उघडून हसले, आणि दात खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी घर एकदम रिकामं झालं. दुपारी बाराला जाईबाईनं भाकऱ्या भाजल्या, खलबत्ता पुढे ओढला, आणि दगडूची भाकरी मोडायला घेतली. तो आत येऊन तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"थांब जरा," म्हणाला आणि तिच्या हातातून भाकरी घेतली. कड मोडली. तिच्यापुढे धरली.

"तुम्ही जेवून घ्या. मी मागनं बसते."

"दहा महिने मागनं बसतेयस. पडद्याआड." तो हात तसाच पुढे ठेवून म्हणाला. "तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? रोज बाहेर कान देऊन बसायचो. म्हणायचो, आज तरी ही कड खाईल. दात माझे हलत होते जाई, तू कशाला उपाशी राहिलीस?"

जाईबाईनं कड घेतली, तोंडात घातली आणि चावली. कुर्रकन आवाज झाला. दगडूनं मान डोलवली, भाकरीचा एक लहानसा तुकडा मोडून आपल्या दाढेखाली ठेवला, आणि डोळे मिटून, अगदी सावकाश, तोही चावायला लागला.